उजव्या सीटवरचा माणूस

प्रिय धाकट्या,

तुझा मेसेज येऊन आज तेवीस दिवस झाले. ‘ताई, इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला कुठलं विमान घेऊ, नवरदेव की निळी? लवकर सांग, तारीख धरायची आहे.’ मी उत्तर दिलं, ‘सांगते, थांब जरा,’ आणि गप्प बसले. तुला वाटलं असेल, ताईचं डोकं नेहमीसारखं कुठल्यातरी इंजिनात अडकलंय. मग तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी बाबांची औषधं, तुझं जेवण, तिकडची हवा असलं काहीबाही बोलून फोन ठेवला. जे सांगायचंय ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही. मध्येच तू ‘हॅलो, हॅलो’ म्हणालास की माझा धीर सुटेल आणि मी पुन्हा औषधांवर येईन. म्हणून कागद घेतला. रविवारची दुपार आहे, बाबा आत झोपलेत, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. एक विनंती आहे, एका बैठकीत वाच. अर्ध्यावर उठून फोन लावू नकोस.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते. प्रश्न चांगला होता, आणि इतक्या वैमानिकांत वावरून तू तो मेकॅनिक बहिणीला विचारलास याचं मला पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं. नवरदेवाचं म्हणशील तर तो आमच्या हँगरमधला मानाचा गडी. चार सीटचा, चाकं पोटात घेणारा. पूर्वी ही परीक्षा तसल्याच विमानात द्यावी लागायची. आता नियम गेला, मान तेवढा उरलाय. पण त्याचं ते नाव तुझ्या मित्रानं, बोक्यानं, उगीच नव्हतं ठेवलं. तयार व्हायला दोन तास आणि रुसायला एक मिनिट. मागच्या थंडीत एक उमेदवार परीक्षकाला घेऊन धावपट्टीपर्यंत गेला आणि चाकांचा हिरवा दिवाच लागेना. दिवा गेला होता, चाक ठणठणीत होतं, पण परीक्षा बुडाली ती बुडालीच. शिवाय या परीक्षेत नुसतं उडवायचं नसतं, उडवताना शिकवायचंही असतं. हात एक करतोय, तोंड ते समजावून सांगतंय, आणि तेही उजव्या सीटवरून, जिथून सगळी घड्याळं तिरपी दिसतात आणि सवयीचा हात चुकीच्या बाजूला येतो. अशा वेळी जितके दांडे जास्त तितकं बोलायचं ओझं जास्त. आणि परीक्षक सगळ्यात आधी विमानाची लॉगबुकं पुढ्यात ठेवायला सांगेल. म्हणेल, हे विमान आज उडायच्या लायकीचं आहे हे मला कागदावरून पटवून दे. नवरदेवाची लॉगबुकं पाच जाडजूड वह्या आहेत, आणि गेल्या सात वर्षांत पानापानावर माझी सही आहे.

आपल्या त्या दोन सीटच्या निळीबद्दल तू जे लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. ‘लाली आणि निळी एकाच साच्यातल्या. बोक्यानं लालीत जी चूक केली ती मी निळीत करणार नाही. त्याच उंचीवर, त्याच बाजूची स्पिन घेणार आणि बाहेर काढून दाखवणार. मास्तरांसाठी एवढं तरी करायला हवं.’ खाली तू आणखी एक ओळ लिहून खोडली होतीस का रे? मेसेजमध्ये खोडलेलं दिसत नाही, पण मला ती ओळ ऐकू आली. तीन वर्षांपूर्वी, तुम्हा दोघांना उडायला शिकवणारे मास्तर आणि बोका लालीसकट कोसळल्यावर, तू ती जिन्यात उभा राहून म्हणाला होतास. ‘त्यानं मास्तरांना मारलं.’ त्यानंतर या मेसेजपर्यंत तू बोक्याचं नाव घेतलं नाहीस. त्याच्या आईनं दोन पत्रं पाठवली, ती मी तुला पुढे पाठवली. उत्तर गेलं नाही हे मला ठाऊक आहे, कारण ती भेटली की विचारते.

मला स्पिन म्हणजे काय ते बोक्यानं शिकवलं, याच स्वयंपाकघरात. तू होतास तेव्हा, पण तू पातेल्यात तोंड घालून जेवत होतास. त्यानं दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मला डावीकडे विद्यार्थी म्हणून बसवलं आणि स्वतः उजवीकडे मास्तर होऊन बसला. म्हणाला, विमान हवेत अडखळतं, एका अंगाला कलंडतं आणि गरगरत खाली यायला लागतं. डावीकडे गरगरत असेल तर उजव्या पायाचं पेडल पार तळापर्यंत दाबायचं. शेपटीतला रडर उजवीकडे वळतो, गिरकी मोडते, मग दांडा पुढे, मग वर. ‘ताई, एवढंच आहे. बाकी सगळं घाबरणं.’ मी म्हटलं, मला घाबरणं तेवढं शिकव, ते जमेल. तो इतका हसला की खुर्चीसकट मागे पडला, आणि बाबांनी आतून ओरडून विचारलं, ‘काय रे, उतरलं का विमान?’

असा होता तो. आपल्या घरात दूध उरत नसे म्हणून बोका. आई गेल्यावर या घरात कुणी मोठ्यानं हसायला लागलं असेल तर तो. हँगरमध्ये माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसून पुस्तक वाचायचा आणि मला पाना हवा असला की न उठता, नुसतं ढुंगण सरकवून द्यायचा. त्याची आई दिवसभर पडदे शिवायची, आणि त्याच्या उडण्याच्या तासांसाठी रात्रीही शिवायची. त्याला इन्स्ट्रक्टरच व्हायचं होतं, मोठी विमानं नको होती. म्हणायचा, मला माणसं घाबरायची थांबलेली बघायला आवडतात.

लाली पडली त्या सकाळी मास्तर डावीकडे बसले होते, बोका उजवीकडे. नवा इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला स्पिन घेऊन दाखवावी लागते, आणि निळीचं इंजिन मी उघडून ठेवलं होतं म्हणून ते दोघं लालीत गेले. शेतातल्या माणसानं सांगितलं की विमान गरगरत आलं ते गरगरतच राहिलं, एकदाही थांबलं नाही. अहवाल आला पाच महिन्यांनी. रडर डावीकडे पूर्ण वळलेला सापडला. गिरकी डावीकडची होती. म्हणजे उजव्या सीटवरच्या माणसानं उजवं पेडल दाबायच्या ऐवजी डावं दाबून धरलं, आणि मास्तरांना वयामुळे ते सोडवता आलं नाही. शेपटीची बाकीची मोडतोड आदळल्यामुळे झाली असं लिहिलं. तुझा जबाब अहवालाला जोडलेला होता. आठवडाभर आधी तुझ्याबरोबर सराव करताना बोक्याचा पाय एकदा चुकीच्या पेडलवर गेला होता, ते तू सांगितलं होतंस.

अहवाल आल्यावर एक गोष्ट घडली ती मी तुला कधी सांगितली नाही. तू शेतावर फवारणी करणाऱ्या विमानांवर कामाला निघून गेला होतास. बोक्याची आई मास्तरांच्या घरी गेली, काकूंची माफी मागायला. तिला एकटीनं जायचा धीर होईना म्हणून मला घेऊन गेली. धुतलेली साडी, हातात काही नाही. आम्ही दारात उभ्या राहिलो. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला, पण दार उघडलं नाही. तिनं पुन्हा घंटा वाजवली नाही. दाराला तोंड करून, नेहमीच्या आवाजात बोलली, ‘बाई, माझ्या मुलामुळे तुमचा माणूस गेला. मला माफ करा.’ मग आम्ही जिना उतरलो. रस्त्यात मला म्हणाली, ‘ऐकलं असेल ना त्यांनी?’ मी म्हटलं, हो, ऐकलं असेल. आणि धाकट्या, त्याही दिवशी मी गप्प राहिले.

आता बाबांचं सांगते. तू फोनवर विचारतोस आणि मी ‘बरे आहेत’ म्हणते. बरे आहेत म्हणजे जेवतात, झोपतात, मला कधी ओळखतात, कधी आईच्या नावानं हाक मारतात. पण हे सगळं तुला वाटतं तसं निवृत्तीनंतर सुरू झालं नाही. त्याच्या आधी वर्षभर मला दिसत होतं. एकदा हँगरमध्ये विमानाच्या इंजिनात तेल घातलं आणि झाकण विसरले. एकदा पाना आतच राहिला. मी मागून जायचे आणि काही न बोलता झाकण लावायचे, पाना काढायचे. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. चाळीस वर्षं ज्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही त्यांना शेवटच्या वर्षी घरी बसा कसं सांगायचं? मला वाटलं, मी आहे ना, मी त्यांच्या मागे टॉर्च घेऊन फिरेन. एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं. ‘मी तुला पाना धरायला शिकवलं, आता तू माझं काम तपासणार?’ हँगरमधली पोरं खाली बघायला लागली. बाबांचे कान लाल झाले होते. मी त्या दिवशी टॉर्च कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लालीच्या शेपटीचं काम घेतलं. रडर काढून पुन्हा बसवायचा होता. आठवड्याभरानं तेच काम निळीचं. असल्या कामाला दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची, एक वाकून बघणाऱ्याची. बाबांनी कामाचं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि चहा प्यायला बसले, माझ्याकडे न बघता. मी उठले असते तर त्यांना कळलं असतं की मी बघायला निघाले. मी उठले नाही. बसल्या जागी सही केली. दोन्ही वेळा.

गेल्या महिन्याभरात बाबांनी नवीन एक गोष्ट धरली. दुपारी झोपून उठले की मला म्हणतात, ‘मागचे दोन राहिलेत.’ पहिल्यांदा मला वाटलं दाढा. मग वाटलं उशा. मी हसून ‘हो, करू,’ म्हणायचे. तुझा मेसेज आला त्या दिवशी मी तो त्यांना वाचून दाखवला. निळीचं नाव आलं तसे ते ताठ बसले आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, ‘निळीचे पण मागचे दोन राहिलेत. बरोबर बोल्ट आले की बदलायचे. तात्पुरते घातलेत.’ आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

मी दुसऱ्या दिवशी जुनी कार्डं काढली. त्यावर ‘बसवले’ लिहिलंय, बाबांच्या अक्षरात, खाली मी. मग हँगरच्या मागच्या आवारात गेले. चौकशी संपल्यावर लालीचा सांगाडा तिथेच आणून टाकला होता, ताडपत्री घालून. तीन वर्षांत मी ती ताडपत्री उचलली नव्हती. रडर किती वळावा याला शेपटीत दोन बाजूंना दोन बोल्ट अडसर म्हणून असतात, मोठ्या डोक्याचे. रडरची पट्टी त्या डोक्याला टेकली की थांबते. लालीचे दोन्ही बोल्ट लहान डोक्याचे निघाले. डाव्या पट्टीवर एक खोल, वाकडी रेघ आहे. डावीकडची गिरकी घ्यायला आधी डावं पेडल तळापर्यंत दाबतात, तेव्हाच पट्टी बोल्टाच्या डोक्यावर चढून पलीकडे उतरली आणि तिथेच अडकली. एकदा अशी अडकली की मग उजव्या पेडलवर कुणीही उभं राहिलं तरी रडर परत येत नाही. बोक्यानं बरोबरच पाय दाबला होता. मला वाटतं मास्तरांनीही दाबला असेल, दोघांनी मिळून. मी ताडपत्रीखाली किती वेळ बसले होते आठवत नाही. चौकीदार येऊन विचारून गेला, काही हरवलंय का.

मग निळी उघडली. तेच बोल्ट. धाकट्या, तीन वर्षं निळीची वार्षिक तपासणी मीच करतेय. दर वर्षी शेपटीचं झाकण उघडलं, बोल्ट दिसले, टिक केली. बोल्ट आहे का ते बघितलं, कोणता आहे ते बघितलं नाही, कारण तो बाबांनी बसवलेला. निळी आजवर सुखरूप राहिली ती एवढ्याचसाठी की अपघातानंतर क्लबनं स्पिन बंद केली, आणि साध्या उडण्यात पेडल तळापर्यंत कुणी दाबत नाही. पुढच्या महिन्यात तू दाबणार होतास. डावीकडची स्पिन, त्याच उंचीवर.

हे कळल्यावर ताईनं लगेच योग्य ते केलं असं तुला वाटत असेल तर तसं झालं नाही. बरोबर बोल्ट कपाटात होते. अर्ध्या तासाचं काम. बदलून टाकले असते तर निळी चांगली झाली असती, तुझी परीक्षा पार पडली असती, कुणाला काही कळलं नसतं. मी पाना लावला होता. मग थांबले, कारण निळीतले ते चुकीचे बोल्ट हाच लालीचा पुरावा होता, आदळून न मोडलेला. पण काढले नाहीत तसे कुणाला दाखवलेही नाहीत. झाकण लावलं, निळीला ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी अडकवली, किल्ली खिशात घातली आणि नऊ दिवस जेवत-झोपत राहिले. विमानांच्या मालकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, ‘बोल्ट बदल आणि विसरून जा. गेलेले परत येणार नाहीत, आणि तुझ्या भावाची परीक्षा आहे ना?’ मला ते पटत चाललं होतं, खरं सांगते. मग तुझा दुसरा फोन आला. तू सहज विचारलंस, ‘ताई, निळी ठीक आहे ना?’ आणि मी म्हणाले, ‘ठीक आहे.’ कसलाही विचार न करता, बसल्या जागी. फोन ठेवल्यावर मला माझाच आवाज ऐकू येत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमान खात्याच्या तपासनिसांच्या ऑफिसात गेले.

तिथले साहेब तरुण आहेत, तुझ्याएवढे. त्यांनी सगळं लिहून घेतलं, त्याच दिवशी येऊन लाली आणि निळी दोन्हींचे फोटो काढले. मग म्हणाले, कार्डावर वडिलांचीही सही आहे, त्यांना आणता येईल का? मी सांगितलं त्यांना काही आठवत नाही. तरी नियम आहे. बाबांना वाटलं कामावर निघालोय. हट्टानं कामाची डांगरी घातली, खिशात पेन्सिल खोचली. ऑफिसात साहेबांनी निळीच्या बोल्टचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ नेला, एक क्षणही लागला नाही. म्हणाले, ‘हे चुकीचे आहेत. माणसं मरतील. कुणी बसवले हे? त्याला आधी कामावरून काढा.’ साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी बाबांना घेऊन घरी आले. वाटेत ते खुशीत होते, कुणीतरी पुन्हा काही विचारलं म्हणून.

माझं लायसन जमा झालंय. पुढे काय होईल माहीत नाही. वकील म्हणतो, बाबांवर ढकलता येईल, ते आता कशालाच उत्तर देऊ शकत नाहीत. मी नाही म्हटलं. त्यांना विसर पडत होता हे ज्या एका माणसाला माहीत होतं ती मी होते. माझी सही असलेलं प्रत्येक विमान पुन्हा तपासून होईपर्यंत जमिनीवर राहणार आहे, नवरदेवसुद्धा. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की इथलं कुठलंच नाही. तुमच्याकडे ते साधं चारसीटर आहे ना, पंख वर असलेलं, चाकं बाहेर असलेलं, ज्याला तू म्हातारी म्हणतोस, ते घे. रोजच्या वापरातलं, तुझ्या हाताचं. स्पिनचं शिक्षण दुसऱ्या कुठल्या चांगल्या शाळेत, त्यासाठीच ठेवलेल्या विमानात घे. आणि परीक्षेच्या आधी लॉगबुक वाचून झालं की शेपटीखाली जमिनीवर आडवा हो, टॉर्च लाव आणि स्वतः बघ. सही कुणाचीही असो.

ऑफिसातून आले त्याच दुपारी बोक्याच्या आईकडे गेले. काकूंकडेही गेले होते, त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं नाही, आणि ते त्यांचं बरोबर आहे. बोक्याची आई मशीनवर होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले तर सांगता आलं नसतं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग मशीनच्या चाकावर हात ठेवला. मला वाटलं ओरडेल, हाकलून देईल, मी त्याचीच वाट बघत होते. शेवटी तिनं मला विचारलं, ‘मग मी त्या दारात कशाला गं उभी राहिले?’

आता मी हे पत्र का लिहिलं ते. बोल्टचं तुला पेपरातूनही कळलं असतं. पण एक गोष्ट फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तिचा अर्थ फक्त मला. जबाब द्यायच्या आदल्या संध्याकाळी तू जिन्यात बसून मला विचारलं होतंस, ‘ताई, बोक्याचा पाय एकदा चुकला होता, सांगू का? एकदाच. आणि लगेच सुधारलं होतं त्यानं, मी बोलायच्या आत.’ मी म्हणाले, विचारतील ते खरं सांग, पाय चुकला होता हे सांग. ‘लगेच सुधारलं’ हे त्यांनी विचारलं तरच सांग, उगाच मित्राची बाजू घेतल्यासारखं दिसेल. त्यांनी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. तेव्हा मला बोल्टचं माहीत नव्हतं, पण शेपटीच्या कार्डावर मी काम न बघता सही केली होती हे माहीत होतं. मला भीती वाटत होती धाकट्या, आणि तू माझ्यासमोर एक चुकलेला पाय आणून ठेवलास, तो मी धरला. तुझ्या तोंडून मी तुझ्या मित्राला दोषी ठरवलं, आणि मग तीन वर्षं तू त्याच्यावर रागावत राहिलास, कारण नाहीतर तुला स्वतःवर रागवावं लागलं असतं. आता तो राग माझ्याकडे दे. तो माझा आहे. घरी ये किंवा येऊ नकोस, माझ्याशी बोल किंवा बोलू नकोस. पण त्याच्या आईकडे जा. ते अर्धं वाक्य मी तिला सांगितलेलं नाही, मी सांगून उपयोग नाही. त्यानं लगेच सुधारलं होतं, हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुला अजून म्हणू द्यायचं असेल तर, तुझीच
ताई